सरकी

पंधरा इंची लॅपटॉप केबिनच्या तिजोरीत मावत नाही.
ती असते पासपोर्टापुरती, फार तर हिऱ्याच्या कुड्या.
म्हणून लोक तो लपवतात,
आणि सातव्या डेकवरच्या सोळा केबिनी झाडणाऱ्या मला
सगळ्या जागा ठाऊक असतात.

गादीखाली. लाइफ जॅकेटांच्या मागे.
मळक्या मोज्यांच्या पिशवीत, तिथं कोण हात घालणार.
एकानं टेबलाच्या पायाला वायरनं बांधला होता,
मारका गोऱ्हा बांधावा तसा.

एका म्हातारीनं काहीच लपवलं नाही.
लॅपटॉप टेबलावर उघड,
आणि झाकणाच्या फटीवर एक पांढरा केस.
पडलेला नव्हे, ठेवलेला.
तीन दिवस मी भोवतालून फडकं फिरवलं.
चौथ्या दिवशी समुद्र उसळला आणि केस गेला.
मोबाइलची बत्ती दातांत धरून
वीस मिनिटं गालिच्यावर रांगलो.
सापडला. ठेवला.
उतरताना तिनं पाच डॉलर दिले,
म्हणाली, तू प्रामाणिक आहेस.

नऊ महिन्यांनी वरझडीला आलो
तेव्हा मधल्या खोलीत कापूस आढ्याला टेकलेला.
दाराला कडी होती, कुलूप नव्हतं.
"कुलूप लावलं का गावाले समजते, अंदर काही हाय,"
आई म्हणाली,
आणि माझा लॅपटॉप लुगड्याच्या धडप्यात गुंडाळून
खांद्यापर्यंत हात खुपसून कापसात ठेवला.
"आता कोन हात घालते? आंग खाजवते."
मी हसलो. मळक्या मोज्यांचाच न्याय.

मंगळवारी मी पांढरकवड्याला, बँकेत.
व्यापाऱ्याची गाडी एक दिवस आधीच आली.
परतलो तर खोली रिकामी,
भिंतीला चार पांढरे पुंजके
आणि उंबऱ्यावर आई, तोंडाला पदर लावून.
"इसरलीच रे मी."

त्यात पुढच्या जहाजाचे कागद होते,
आणि मनिलाच्या एका मुलीची पत्रं,
जी आईला माहीत नाहीत.

दिवेलागणीला हमाल आला, जंगू टेकाम,
जिनिंगवरून सायकलनं, भुवयांत कापूस.
"गाडीत तुडवता तुडवता पाय लागला जी.
पयले पाया पडलो त्याच्या, मंग काहाडलं.
उघडून पाहून घ्या, समदं बरोबर हाय का."

हे वाक्य माझं आहे.
मी ते इंग्रजीत म्हणतो, हात मागे बांधून, हसून.
म्हणून म्हणालो, गरज नाही, चहा घ्या.
"नाही जी, पाहूनच घ्या.
उद्या काही निघालं तं माह्यावर येते."

बटण दाबलं. काळं.
बॅटरी संपलेली, आणि लाइन येणार नऊला.

मग आम्ही ओट्यावर बसलो, दोन तास,
मधे लॅपटॉप, नवरदेवासारखा.
तो नखानं फटीतले तंतू वेचत राहिला.
विचारलं, समुद्राचं पाणी लय खारट राहते का?
म्हणालो, मी वाकून कधी पाहिलं नाही,
माझ्याकडे बादल्या असतात, नळाच्या पाण्याच्या.

नऊ दहाला बल्ब लागला.
पडदा उजळला, त्याच्या तोंडावर निळा उजेड.
"झालं चालू?"
"झालं."
"समदं हाय?"
मी एकेक फाइल उघडून दाखवली,
पत्रांची सोडून.

शंभराची नोट त्यानं नाही नाही म्हणत घेतली,
बल्बासमोर धरून दोन्हीकडून पाहिली,
मग बंडीत ठेवली.
मला बरं वाटलं. का ते सांगता येत नाही.

आता माझी केबिन पाण्याच्या पातळीखाली,
दोघांत एक, लॅपटॉप उशीखाली.
'क' दाबला की कळ अडते, टच् वाजते.
वरच्या बंकवरचा विचारतो, काय आहे ते?
बी आहे, म्हणतो, कापसाचं.
काढायला टोकदार काही मिळालं नाही अजून.