अर्थिंग

ग्रिम्सबीच्या दक्षिणेला, दलदल उपसून काढलेल्या सपाट रानात
थर्झा ब्लेड्सच्या घरी वीज आली,
शेजाऱ्यांकडे येऊन सहा वर्षं झाल्यावर.

क्लेमेंट ऑडलिंग, वायरमन, कानामागे पेन्सिल,
म्हणाला, बाई, हे सगळं ‘अर्थ’ करावं लागेल.
ती बटाट्यांच्या ओळीत वाकलेली. म्हणाली,
तेच तर करतेय सकाळपासून.

खरंच होतं. तिच्या भाषेत
बटाट्याला भर लावायची ती याच क्रियापदाने,
कोल्हा बिळात दडायचा तोही याच,
आणि चर्चच्या जुन्या वहीत, पुसट शाईत,
मेलेल्यांना माती दिली तीसुद्धा.
वीज फार उशिरा आली या शब्दात राहायला,
मागच्या दाराने, भाडेकरूसारखी.
अटलांटिकपलीकडे म्हणतात ‘ग्राउंड’.
त्या शब्दाला ओल नाही.

(आमच्याकडचा वायरमन बोर्ड उघडून
‘अर्थच नाही इथे’ म्हणतो
आणि टेस्टर खिशात घालून चहा मागतो.)

क्लेमेंटने तांब्याची सळई ठोकायला घेतली.
चार फुटांवर दगड लागला. शिवी दिली, जागा बदलली.
‘जिला माती मिळत नाही ना, ती वीज
माणूस शोधते,’ तो म्हणाला,
रोज कुणाला तरी सांगतो तसं.

थर्झाचं खुरपं थांबलं.
सायलस आइसलंडकडे गेलेल्या ट्रॉलरवर होता.
नऊ जण. चर्चमध्ये पाटी आहे, पाटीखाली नुसती फरशी.
तेव्हापासून घरात कशाला हात लावायचा
आणि कशाला नाही, हे तिने ठरवून टाकलेलं:
त्याचा मग. दाढीचा ब्रश.
बाकाची खिडकीकडची बाजू.

‘उन्हाळा कोरडा गेला तर इथे बादलीभर पाणी ओता.
सुकी माती काही घेत नाही.’
‘ठाऊक आहे,’ ती म्हणाली, ‘बटाटेवाली आहे मी.’

तो ऑगस्ट कोरडाच गेला.
आठवड्यातून एकदा पुरलं असतं;
ती रोज संध्याकाळी जायची, बादली घेऊन,
सळईशी थोडा वेळ उभी राहायची.
पोस्टमन हसायचा: काय उगवणार तिथे?
सप्टेंबरात पाऊस लागला, तरी जायची.

दोन वर्षांनी क्लेमेंट मीटर घेऊन आला.
काटा पाहिला, ठोकून पुन्हा पाहिला.
म्हणाला, एवढी चांगली अर्थ
या अख्ख्या रानात कुणाची नाही.

तिने चहा आणून ठेवला त्याच्यापुढे.
कान तुटलेला, निळ्या पट्ट्याचा मग.
‘जपून,’ म्हणाली,
‘गरम आहे. बाकी काही नाही.’