पुडीवरची चंद्रकोर

पुडीवर कन्नडात काहीतरी लिहिलंय.
वडगावच्या मेडिकलवाल्या बसवंतनं खाली
पेनानं चंद्रकोर काढून दिली: रात्री, एकच.

झोप पहिल्याच रात्री आली,
कुणी हातातून धोटा काढून घ्यावा तशी.
मन मात्र मागावरच.
"उमेद मागून येते, भरमाण्णा,
तीन-चार आठवडे धरा की," डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
"दारू नको. पेंग असली तर यंत्रमागाला हात नको.
आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं सोडू नकासा."

आज सतरावा दिवस.
उठताना खाटेच्या काठाला बसतो,
पाय फरशीला ओळखेपर्यंत.
काल दुसरी भाकरी मागितली,
मल्लव्वा काही बोलली नाही, फक्त वाढली.

शेजारचा माग खटखटतोय.
आधी त्यात माझं नाव यायचं.
आज नुसती खटखट.