टोपीचं अस्तर

यादीत दोनशे बारा पोथ्या, निम्म्या कानडी.
शिवमूर्ती अप्पांचं बोरूचं अक्षर.
शेवटचा आकडा अर्धाच;
त्या रात्री रझाकार मन्याड उतरून मठात आले.

त्यांना पोथ्या नको होत्या.
सागवानी पेट्या हव्या होत्या, पितळी कड्यांच्या.
बस्ते अंगणात उपडे केले.
उरलंसुरलं नंतर, पोलीस ॲक्शनात,
आपल्यांनीच नेलं
हे सांगताना माणसं दार लोटून घेतात.

मी वही घेऊन हिंडते.
देगलूरला वाण्याकडे हळद लागलेलं एक पान.
बिदरच्या भंगारात नुसती फळी.
मुखेडला, "होतं की. चुलीत गेलं."

कंधारात शमशुद्दीन दर्जी, ऐंशी पार.
बापाची रुमी टोपी काढली,
अस्तराची शिवण दातानं तोडली.
आत पुठ्ठा, पुठ्ठ्यावर खळ,
खळीखाली अप्पांचं अक्षर.
"तवा कागज शेरानं मिळायचा, बाई.
टोपी ताठ ऱ्हायची."

किती डोक्यांवरून गेली असेल ही पोथी,
उन्हातान्हात, लग्नात, पळापळीत.

ते पान द्यायला तयार होते.
मी आकडा तेवढा उतरवून घेतला:
पोथी एक्केचाळीस, पान सात.

मग त्यांनी टोपी मांडीवर घेतली
आणि सुई माझ्यापुढे धरली.
दोरा ओवायला त्यांना दिसत नव्हतं.