टाच न टेकलेली

इस्मेनिया ओयार्सून मला आधी भेटली ती पायांपुरती:
प्लास्टरचे दोन पांढरे साचे, तळवे वर,
करंगळ्या जराशा रुसलेल्या.
नाव, वय, रडगाणं पुढच्या खोलीत राहतं.
मागं, भट्टीपाशी, माझ्याकडे
नुसते पाय येतात.

सोबत चिठ्ठी:
टपालखातं, बावीस वर्षं. उजवी टाच.
सकाळचं पहिलं पाऊल
काचेवर ठेवल्यासारखं.

वालपराइसोत हे सांगायला डॉक्टर लागत नाही.
इथं पत्ता म्हणजे अर्धा जिनाच.
निळ्या पत्र्याचं घर, मग एकशे बारा पायऱ्या,
मग कुत्रं,
मग ज्याची सही हवी तो माणूस
नेमका खाली बंदरावर गेलेला.

साच्यावर अंगठा फिरवला.
कमान होती, पण दमलेली,
दिवसभर हो हो म्हणून
संध्याकाळी खांदे पडावेत तशी.
बूच कापलं. तापवून मऊ केलेलं प्लास्टिक
साच्यावर दाबून धरलं, सात श्वास.
निबाल्दो म्हातारा घड्याळ लावत नसे, मीही लावत नाही.
मग कानस. मग बारीक कागद.
आतल्या कडेला चार मिलिमीटर उचल,
टाचेला खोल वाटी
आणि वाटीत, दुखऱ्या जागी,
नाण्याएवढा खड्डा.
तिथं काहीच ठेवायचं नाही.
निम्मा धंदा हाच:
कुठं काही नसावं, ते ठरवणं.

आठ महिन्यांनी जोडी परत आली.
चिठ्ठीत दोनच शब्द, उपयोग नाही.

दिव्याखाली धरली.
टाचेची वाटी कोरी,
माझ्याच कागदाचे ओरखडे अजून तसेच.
आणि पुढं, चवड्याखाली,
कातडं फाटून बूच उघडं पडलेलं,
बोटांचे पाच काळे ठसे.
जिने चढणारी बाई टाच टेकतच नाही?
खोटं म्हणावं, तर कातड्याला
तेवढी अक्कल नसते.

एप्रन काढून पहिल्यांदाच मी पुढच्या खोलीत गेलो.
लहानखुरी बाई. मांडीवर पिशवी घट्ट.
हे कामावर घालता?
"कामावर सरकारी बूट. त्यात मावत नाहीत.
घरी घालते. सपातांत."
घरी चालता कशा?

ती उठली आणि चालून दाखवलं:
खुर्चीपासून खिडकीपर्यंत,
चवड्यांवर, एक फळी सोडून एक,
कुठली फळी बोलते
हे आमच्या जमिनीलाही विचारून घेत.

"नवरा दिवसा झोपतो. बंदरावर क्रेन, रात्रपाळी.
घर लाकडाचं.
एकदा जाग आली की मग झोप नाही त्याला,
आणि तिकडं वर, त्या उंचीवर, डुलकी लागली तर..."
वाक्य तिनं पिशवीत ठेवलं.

किती वर्षं?
"एकोणीस."

पोटरी दाबून पाहिली. ओल्या दोरीला पडलेली गाठ.
शहरभरच्या पायऱ्यांनी जे केलं नव्हतं
ते स्वयंपाकघरापासून पलंगापर्यंतच्या
चौदा पावलांनी केलं होतं.

कमानीला हात लावला नाही.
वाटीखाली जाड नमदा चिकटवला, दोन पदरी,
त्याखाली कच्ची लोकर.
रात्री सगळे गेल्यावर
एक माझ्या बुटाखाली बांधून
धुण्याच्या टाकीजवळच्या त्या कुरकुऱ्या फळीवर
वीसदा गेलो आलो.
नमदा बदलला. पुन्हा गेलो आलो.

तिनं घातल्या. उभी राहिली.
टाच खाली आली, कडेनं आधी,
मग मधली, मग सगळी,
आणि ती तशीच थांबली, मान किंचित तिरकी,
कुणी उठतंय का ते ऐकत.

बिलात आवाजाचा रकाना नाही.
दुरुस्ती, असं लिहिलं.
आणि तो सरकारी बूटही घेऊन या म्हटलं, सोमवारी,
बघू त्याला किती ताणता येतं.