मागच्या पानावर

मशीनवाल्या पोरानं सांगितलं, अंगावर लोखंड नको.
बाबांनी चष्मा दिला, करगोट्यातली किल्ली दिली,
कोतवालीचा बिल्ला मात्र मुठीत धरून बसले.
"सरकारचा होय. तो काढता येत नाही."
निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, हे मी
सकाळपासून तीनदा सांगितलं होतं.
शेवटी म्हटलं, तहसीलदार साहेबांनी मागितलाय.
तेव्हा दिला. पावती मागितली.

दाराशी दात्यांची संगमरवरी पाटी.
वर जिनिंगवाले, दालमिलवाले, एक सराफ,
मग अक्षरं बारीक होत जातात
आणि अगदी खाली, पोछ्याचं पाणी उडतं तिथं,
'समस्त गावकरी, मौजा खैरगाव'.

ते समस्त माझ्या वहीत आहेत.
सातवीची गणिताची वही, मागून उघडलेली.
त्या साली शाळेच्या पटांगणात निंबाजीची वंदी
फिट येऊन पडली. कुणी नाकाशी चप्पल धरली,
कुणी कांदा फोडला, कुणी म्हणालं बाहेरचं आहे.
नागपूरला फोटोचा नंबर लागला एकवीस दिवसांनी.
गाठ निघाली, सुपारीएवढी.
एकवीस दिवसांआधी ती केवढी होती
कुणी सांगितलं नाही.

मग बाबांनी डफडं काढलं.
"ऐका हो! तालुक्याच्या धर्मादाय दवाखान्यात
डोकं पाहाची मशीन आनाची हाय,
ज्याले जे जमन ते द्या,
नसन जमत तं नाही म्हनासाठी तरी दारात या!"
मी मागं मागं, पेन्सिल कानावर.
कवडू बावणे, तूर, दोन पायल्या.
सुंदरा मडावी, मोहफुलं, विकून एकशे दहा.
अंगणवाडी, चाळीस, सगळी चिल्लर.
उकंडा वाटकर, आठ दाढ्यांचे पैसे.
निंबाजी, पाचशे एक.
त्याच्या दारात बाबा गेलेच नव्हते.
तो आपण होऊन आला, आणि वंदीच्या नावानं लिही म्हणाला.

आता काचेपलीकडे नुसते त्यांचे पाय,
टाचांच्या भेगांत काळी माती, घासूनही न गेलेली.
यंत्र ठोकतं, थांबतं, पुन्हा ठोकतं.
बाहेर आले ते चिडूनच.
"दवंडी कोन देऊन राहिला बे?
ताल नाही, गावाचं नाव नाही,
काय समजाचं मानसानं?"

बाबा, ही तीच मशीन.
"कोनती?"

डॉक्टरबाई तरुण होत्या. कागद पुढे करून म्हणाल्या,
विसरण्यावर अभ्यास चाललाय,
ही चित्रं नाव काढून, नुसता आकडा घालून ठेवू का?
तुमच्या वडिलांना उपयोग होईलच असं नाही.
खरं बोलल्या, म्हणून बरं वाटलं.
बाबांनी मला विचारलं, "वर्गनी होय का?"
हो, तशीच.
"मंग कोतवालानं पयले द्या लागते. आन कागद."
सही करताना आडनावापाशी अडले.
मी नेवारे म्हटलं. त्यांनी लिहिलं.

रात्री वही शोधली. वाळवीनं एक कोपरा नेलाय,
निंबाजीच्या खाली एक ओळ शिल्लक होती.
डोमाजी नेवारे, कोतवाल, डोक्याचे फोटो.
रकमेच्या रकान्यात काय घालावं कळेना.
बाबा दिव्याखाली तूर निवडत होते,
खडे एकीकडे, दाणे एकीकडे,
आणि संपत आलं की दोन्ही सुपात एकत्र करून
पुन्हा पहिल्यापासून.