सर्वांत खालची ओहोटी

अर्जाच्या तिसऱ्या पानावर विचारलंय:
या विषयाच्या आजवरच्या अभ्यासात कोणती पोकळी राहिली?
उत्तर तीनशे शब्दांत.
मी, इंगा फुबिस्टर, वय त्रेपन्न,
कर्कवॉलच्या वकिली कचेरीत सव्वीस वर्षं
दुसऱ्यांच्या खरेदीखतांवर शिक्के मारणारी,
खिडकीबाहेर बघते. ओहोटी लागलीय.
पोकळी तिथंच तर आहे,
काळी, ओली, शेवाळानं निसरडी,
दिवसातून दोनदा उघडी पडणारी.

बाकीच्या स्कॉटलंडात ती राजमुकुटाची.
इथं ऑर्कनीत, जुन्या नॉर्स वहिवाटीनं,
वरच्या शेताच्या मालकाची,
सर्वांत खालच्या ओहोटीपर्यंत.
खालची म्हणजे किती खालची?
मार्चच्या अमावास्येला उतरते ती?
की आजोबांनी एकदाच पाहिली, नंतर कुणीच नाही, ती?
पुस्तकात एक तळटीप आहे.
ती दुसऱ्या तळटिपेकडे बोट दाखवते.
त्या बोटाच्या टोकाला कुणी नाही.
कुठंतरी पाणी मुरतंय.

पहिला मसुदा अ‍ॅबर्डीनला पाठवला होता:
‘किनारी मालमत्तेच्या बहुविध आकलनांचा चिकित्सक परामर्श’.
वाचताना माझीच जीभ अडखळायची.
डॉ. मॅकईकर्न यांचं उत्तर आलं, तीन ओळी:
वाचलं.
भाषा नीट आहे.
पण यात तुमचं दुखणं कुठं आहे?

शिफारसपत्रं दोन हवीत.
मला शिकवलेले प्राध्यापक ड्रीव्हर वारले.
दुसरे आता बायकोलाच विचारतात, आपण कोण?
वकीलसाहेब म्हणाले, मी देतो लिहून,
आणि लिहिलं: इंगा कधीच उशिरा येत नाही.

पैशाच्या रकान्यात: स्वतःचे.
म्हणजे गाई विकून आलेले.
कालावधी: अर्धवेळ, सहा ते आठ वर्षं.
बेरीज केली. साठी उलटते.
बहीण फोनवर हसली,
डॉक्टर झालीस की गुडघे दाखवायला येते.

तर, दुखणं.
मी सात वर्षांची. वादळानंतर एक ओंडका आला,
कुठल्याशा जहाजावरून पडलेला,
वीस फुटी, मधासारख्या रंगाचा.
आमच्याकडे झाडं नाहीत. लाकूड म्हणजे सण.
बाबांनी तो भरतीच्या रेषेबाहेर ओढला
आणि वर एक दगड ठेवला.
दगड ठेवला की झालं. मग कुणी हात लावत नाही.
सकाळी दगड होता. ओंडका नव्हता.
दगड नीट वाळूवर,
जणू कुणी माफी मागून ठेवलेला.

शेजारचा रॉगनवाल्ड म्हणाला, रेषेच्या आत होता.
बाबा म्हणाले, बाहेर.
कोर्ट सहा मैलांवर. कुणी गेलं नाही,
शहाण्यानं ती पायरी चढू नये.
बावीस वर्षं दोन घरं बोलली नाहीत.
रॉगनवाल्डच्या पेटीला बाबांनी खांदा दिला
तेव्हा त्यांचे ओठ हलत होते.
प्रार्थना नव्हती ती. पावलं मोजत होते बहुतेक,
रेषेपासून ओंडक्यापर्यंतची.

मी मसुदा पुसला. सगळा.
नवं पहिलं वाक्य:
दगड ठेवणं हा पुरावा आहे का?
पुढचे शब्द आपोआप आले, तीनशे बारा.
बारा कापायला रात्र गेली.
कापलेल्यांत ‘मधासारख्या रंगाचा’ होतं.

दुसऱ्या रात्री, अकरा एकेचाळीसला, बटण दाबलं.
अर्ज मिळाला. उत्तराला आठ आठवडे लागू शकतात.
आठ आठवडे म्हणजे एकशे आठ ओहोट्या.
रबरी बूट चढवले, टॉर्च घेतला,
आज पाणी किती खाली गेलंय ते बघायला उतरले.
मोजपट्टी टेबलावरच राहिली.
पावलांनी मोजायला लागले.