नमुना

दर दुसऱ्या शनिवारी, चारला,
डिचोलीच्या वाचनालयामागच्या खोलीत
मी सतरंजी झटकते, किटली लावते
आणि फळ्यावर लिहिते : पान उकळू नये.
मानधन नाही, तिकिटाचे पैसेही नाहीत.
पोस्टातून निवृत्त झालेल्या बाईला
शनिवारी कुठंतरी जायला लागतं,
असं भाऊ म्हणतो. म्हणू दे.

पिशवीत कांगडा, निलगिरी, आसाम,
आणि दार्जिलिंगची सर्वांत लहान पुडी,
वजन करताना मीच श्वास धरते ती.

पहिल्या दिवशी सातजण आले,
त्यातले दोन पंख्यासाठी.
एस्पेरांसाबाय कपात डोकावून म्हणाली,
"हें कितें, उदक? दूद खंय?"
नाक्यावरचा गाडेवाला बुधो
चपला न काढता उंबऱ्यातच उभा,
त्याची किती गिऱ्हाइकं माझ्याकडे बसलीत
ते मोजत.

मी सांगत होते, रंग बघा,
कोवळ्या उन्हासारखा,
आणि बघता बघता सातही कप काळवंडले.
दौत कलंडावी तसे.
वर तेलकट तवंग.
मी किटलीला दोष दिला, वाण्याला दिला,
मग बोलायचंच थांबले.

भिंतीला टेकून बसलेला सगुण गांवस
तेव्हा पहिल्यांदा बोलला :
"पान बरें आसा, बाई. उदक आमचें."
नळाच्या पाण्यात लोखंड आहे, म्हणाला.
ह्या कपात आमचा डोंगर उतरलाय.

एकतीस वर्षं खाणीवर.
ढिगातून नमुना घ्यायचा,
मूठभर माती तळहातावर तोलून
लॅबच्या आधी टक्के सांगायचा :
अठ्ठावन्न. साठ. पावसात भिजलेली, थांबा.
मग खाण बंद झाली
आणि तळहात तसाच राहिला, उघडा.

पुढच्या खेपेला तो पाच लिटरचा कॅन घेऊन आला,
डोंगरापलीकडच्या झरीचा.
म्हणाला, पुडी द्या.
वर्तमानपत्रावर पानं ओतली, ढीग केला,
ढीग चेपला, माझ्या पट्टीनं चार भाग पाडले,
समोरासमोरचे दोन ठेवले, दोन सारले.
पुन्हा ढीग. पुन्हा चार.
वरून बघाल तर वरचं फसवतं, म्हणाला,
भुगा नेहमी तळाला जाऊन बसतो.
मी पुस्तकं वाचून शिकवत होते.
हे कुठल्या पुस्तकात नव्हतं.

"हा लंप," त्यानं अख्खी वळलेली पानं दाखवली,
"आणि ही फाइन्स. गाड्यावर जाते ती."
बुधोचा आवाज चढला :
"म्हणजे मी धूळ विकतो?"
सगुण मान वर न करता म्हणाला,
"आम्हीही धूळच विकली, बाबा.
जहाजं भरभरून. जपानपर्यंत."

बुधोनं चपला काढल्या.
आत आला, बसला, पुडीचा वास घेतला,
आणि विचारलं, ह्याला साखर कधी?

पान भिजायला तीन मिनिटं लागतात.
तीन मिनिटं कुणी बोलायचं नाही, हा माझा नियम.
खिडकीबाहेर रस्ता.
इथून अर्ध्या मिनिटाला एक ट्रक जायचा,
गाळणी हुकाला टांगलेली वाजायची.
आता एक सायकल गेली,
मग एस्पेरांसाबायच्या बांगड्या,
मग काही नाही.

निलगिरी तिनं संपवली.
"बरी आसा," म्हणाली, "पूण दूद आसतें जाल्यार..."
बुधोनं दोन चमचे पान कागदात बांधून नेलं,
गाड्यासाठी नव्हे, म्हणाला,
गाडा बंद केल्यावर.

सगळे गेल्यावर मी कप विसळत होते.
सगुणनं एक राहू दिला होता,
त्यात नळाच्या पाण्याचा चहा त्यानं मुद्दाम केलेला,
काळाकुट्ट.
उभ्यानं प्यायला, सावकाश,
तळापर्यंत.
मी काही विचारलं नाही.
वहीत त्याच्या नावापुढं, चवीच्या रकान्यात,
पेन्सिलीनं लिहिलेलं नंतर दिसलं :
बासष्ट टक्के.